केबिनमधला पहिला कौटुंबिक मुक्काम: पुण्याहून निघण्याआधीची तयारी

पवना धरणाचा काठ, मुळशी, पानशेत-वरसगावचा परिसर, भोरजवळचे भाटघर, अशा ठिकाणी गेल्या काही वर्षांत तंबूंचे आणि लहान लहान केबिनचे इतके कॅम्प उभे राहिले आहेत की पुण्यातल्या कुटुंबाला एका रात्रीच्या मुक्कामासाठी जागा शोधणे अवघड राहिलेले नाही. जागा निवडणे मात्र तितके सोपे नाही. जाहिरातीतली छायाचित्रे बहुधा दुपारची किंवा सूर्यास्ताच्या वेळची असतात आणि त्या वेळी हॉटेलची खोली व कॅम्पमधली केबिन यांत फारसा फरक दिसत नाही. खरा फरक अंधार पडल्यावर कळतो. स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, वीज गेली तर काय होते, शेजारच्या केबिनमधले लोक किती वाजेपर्यंत जागतात, थंडी भिंतीतून आत येते का आणि कोणी आजारी पडले तर गाडीपर्यंत कसे पोहोचायचे, हे प्रश्न रात्रीचे आहेत. पहिल्यांदाच आजी-आजोबा व मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सगळी तयारी या रात्रीच्या हिशेबाने करावी, असे माझे मत आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

अंतर आणि ऋतू

पहिला मुक्काम एकाच रात्रीचा आणि घरापासून साधारण दोन तासांच्या अंतरावर असावा. भंडारदरा सुंदर आहे यात शंका नाही, पण पुण्याहून तिथे जायला चार तासांच्या आसपास लागतात, आणि रात्री दोन वाजता आजोबांना अस्वस्थ वाटू लागले किंवा धाकटीने घरी जायचा हट्ट धरला, तर परतीचा विचारही करता येत नाही. पवनेला जाण्यासाठी चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, कोळवणमार्गे तिकोना पेठेकडे जाता येते किंवा जुन्या मुंबई महामार्गाने कामशेतपर्यंत जाऊन आत वळता येते. कोणत्याही मार्गाने शेवटचे काही किलोमीटर अरुंद आणि वळणांचे असतात, म्हणून ते उजेडातच पार करायचे असे आधीच ठरवून ठेवावे.

ऋतूंपैकी नवख्या कुटुंबाला नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. हवा कोरडी असते, रस्ते बरे असतात, डास कमी असतात. थंडीचा अंदाज मात्र पुण्यातल्या घरावरून बांधू नये. शहरात पारा १२ अंशांवर असतो तेव्हा पाण्याकाठच्या उघड्या जागेत, वारा आणि दव यांमुळे, थंडी बरीच अधिक बोचते. मार्च ते मे या काळात पत्र्याच्या किंवा पातळ लाकडाच्या केबिन दुपारी तापतात आणि त्यांची ऊब रात्री उशिरापर्यंत उतरत नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळवाचा पाऊस वादळी वारे घेऊन येतो. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देते. ते मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे. पावसाळ्याचे आकर्षण सर्वांनाच असते, तरीही पहिला मुक्काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नये, कारण त्या दिवसांत घाटमाथ्यावर वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही बेभरवशाची होतात आणि पर्यटनस्थळांवर जिल्हा प्रशासनाचे निर्बंधही लागू असू शकतात.

आणखी एक दिवस टाळावा, तो म्हणजे ३१ डिसेंबर. दर चढलेले असतात, गोंगाट पहाटेपर्यंत चालतो आणि व्यवस्थापनाचे लक्ष कौटुंबिक पाहुण्यांकडे नसते. शक्य असल्यास शनिवारऐवजी मधल्या वारी एखादी सुटी जोडून जावे. तीच केबिन कमी दरात मिळते आणि शेजारही शांत असतो.

कोणत्या प्रकारची केबिन

घुमटाच्या आकाराचे साधे तंबू सर्वांत स्वस्त पडतात, पण त्यांत जमिनीवर झोपावे लागते, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला रात्री तीनदा वाकून बाहेर पडणे ही शिक्षाच ठरते. पलंग आणि जोडून स्वच्छतागृह असलेले मोठे कापडी तंबू, ज्यांना स्विस टेंट म्हणतात, ते बरे. तरी कापडाच्या भिंतीतून आवाज आणि थंडी दोन्ही आत येतात. लाकडी किंवा विटांची केबिन कुटुंबासाठी सर्वांत योग्य. सध्या लोकप्रिय झालेल्या त्रिकोणी, म्हणजे ए-फ्रेम, केबिनबद्दल मात्र थोडे सावध राहावे. तिच्यात चार जणांची सोय सांगितलेली असते, परंतु त्यांतले दोन बिछाने वरच्या माळ्यावर असतात आणि तिथे पोहोचायला जवळजवळ सरळ उभी शिडी असते. मुलांना ती शिडी फार आवडते, आणि नेमकी म्हणूनच काळजीची गोष्ट आहे. झोपेतून उठून अंधारात खाली येणारे सहा-सात वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणावे आणि माळ्याला कठडा आहे का, त्याच्या गजांमधून मूल निसटणार नाही ना, शिडीजवळ रात्रभर दिवा राहतो का, हे विचारून घ्यावे. उत्तर समाधानकारक नसेल तर सगळ्यांनी खालीच झोपण्याइतकी जागा असलेली केबिन घ्यावी.

नव्या, अनोळखी जागेबद्दल मन साशंक असेल, तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने विचारात घ्यावीत. पानशेत, कार्ला, माळशेज घाट, भंडारदरा आणि महाबळेश्वर इथे महामंडळाचे रिसॉर्ट आहेत. चकचकीतपणा थोडा कमी असतो, पण खोल्या प्रशस्त असतात आणि बुकिंग कोणाकडे केले याबद्दल शंका राहत नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न

केवळ व्हॉट्सॲपवर आलेले माहितीपत्रक पाहून पैसे भरू नयेत. प्रत्यक्ष फोन करावा आणि ‘फॅमिलीसाठी चांगले आहे ना?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याला कोणीही ‘हो’ म्हणेल. प्रश्न असा विचारावा की उत्तरात एखादी संख्या किंवा वस्तू यावी. स्वच्छतागृह केबिनला जोडून आहे की सामाईक, आणि सामाईक असेल तर किती अंतरावर? कमोड आहे की भारतीय पद्धतीचे? गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून केबिनपर्यंत पायऱ्या किती आहेत? उतारावर बांधलेल्या कॅम्पमध्ये हा शेवटचा प्रश्न आजीच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. वीज गेल्यावर जनरेटर आहे की फक्त दिव्यांपुरता इन्व्हर्टर? रात्री व्यवस्थापनातले कोणी जागेवर राहते का, आणि त्याचा स्वतंत्र मोबाइल क्रमांक मिळेल का? तिथे कोणत्या कंपनीची रेंज येते? त्याच दिवशी मोठ्या मित्रमंडळींचे गट आहेत का, असतील तर कुटुंबांच्या केबिन त्यांच्यापासून वेगळ्या बाजूला आहेत का? ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर वाजवण्यास नियमानेच मनाई आहे, तेव्हा ‘म्युझिक किती वाजता बंद होते?’ या प्रश्नाला ‘दहा’ याखेरीज दुसरे उत्तर आले, तर त्या जागेचा नाद सोडावा.

जेवणाचे विचारताना पदार्थांची यादी मागण्यापेक्षा वेळा विचाराव्यात. बहुतेक कॅम्पवर दुपारी तीन-चारला प्रवेश, संध्याकाळी चहा-भजी, मग शेकोटीपाशी बार्बेक्यू आणि साडेआठ-नऊनंतर जेवण असा क्रम असतो. मधुमेह असलेल्या माणसाला किंवा साडेसातला जेवून झोपणाऱ्या मुलाला ही वेळ चालत नाही. वरण-भात किंवा भाकरी-पिठले लवकर मिळेल का, हे आधीच ठरवून घ्यावे. घरात शाकाहारी मंडळी असतील तर बार्बेक्यूची जाळी वेगळी आहे का, हेही विचारावे. तिथे पोहोचल्यावर विचारून काही उपयोग होत नाही.

एक प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: अंघोळीचे पाणी कशावर तापते? सौर किंवा विजेवरचे असेल तर ठीक. गॅस गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असला पाहिजे. बंद न्हाणीघरात गॅस जळताना हवेतला प्राणवायू कमी होत जातो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, त्यामुळे आतल्या माणसाला धोक्याची जाणीव होण्याआधीच त्याची शुद्ध हरपते. खोली ऊबदार करण्यासाठी आत ठेवलेल्या निखाऱ्यांच्या शेगडीचा आणि गॅसच्या हीटरचा धोका तोच. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन येथील एका रिसॉर्टमध्ये केरळहून आलेले आठ पर्यटक, त्यांत चार मुले, खोलीतल्या गॅस हीटरमुळे रात्रीतून मृत्युमुखी पडले होते. थंडी कितीही असो, शेगडी केबिनच्या दाराबाहेरच राहिली पाहिजे, आणि कॅम्पच्या माणसाने आपुलकीने आत आणून दिली तरी ती नम्रपणे परत करावी.

पैसे

दर ‘प्रति व्यक्ती’ आहे की ‘प्रति केबिन’, पाच वर्षांखालच्या आणि त्यावरच्या मुलांचे किती, कर धरून की वगळून, हे लेखी मागून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून वेगळा आकडा कोणी सांगितला तर बिल मागावे. पूर्ण रक्कम आगाऊ भरू नये. मूळ जागेची छायाचित्रे चोरून खोट्या पानांवरून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार होतात. नकाशावरच्या नोंदीत दिलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून बुकिंगची खात्री करणे हा सोपा उपाय आहे. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सर्व प्रौढांची ओळखपत्रे बरोबर लागतात. परदेशात राहणारी मुले-नातवंडे सुटीत आलेली असतील आणि त्यांचे पासपोर्ट परदेशी असतील, तर निवास देणाऱ्याला त्यांच्या मुक्कामाची सरकारकडे नोंद करावी लागते. अनेक लहान कॅम्पना ती प्रक्रिया माहीत नसते. अशा वेळी आधी विचारलेले बरे, नाहीतर दारात पोहोचल्यावर वाद होतो.

सामान

कपडे आणि खाऊ यांबद्दल पुणेकर कुटुंबाला काही शिकवण्याची गरज नाही. चिवडा, चकल्या आणि गुळपोळीचा डबा आपोआप भरला जातो. विसरतात त्या वस्तू वेगळ्या. प्रत्येक माणसामागे एक टॉर्च हवी, आणि शक्यतो डोक्याला बांधायची, म्हणजे मुलाचा हात धरून चालताना दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलचा दिवा हा टॉर्चला पर्याय समजू नये, कारण चार्जिंग संपले की फोन आणि उजेड दोन्ही एकदम जातात. पुढून बंद असलेल्या चपला किंवा बूट, कानटोप्या, पायमोजे आणि घरची एकेक सोलापुरी चादर जादा घ्यावी. कॅम्पवर मिळणारी रजई ऊबदार असते, पण ती किती वेळा धुतली जाते याबद्दल प्रश्न न विचारता आत आपली चादर घेणे हा शहाणपणा आहे. डास पळवणारे मलम, जोडवायर, कपडे वाळत घालायला दोरी, दोन-तीन मोठ्या पिशव्या ओल्या कपड्यांसाठी व कचऱ्यासाठी.

औषधांची पिशवी मात्र नीट विचार करून भरावी. रोजच्या गोळ्या एका दिवसाऐवजी तीन दिवसांच्या घ्याव्यात. ताप आणि उलट्यांची औषधे, मुलांसाठी त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेसह, ओआरएसची पाकिटे, जंतुनाशक, पट्ट्या, क्रेप बँडेज, दम्याचा पंप ज्याला लागतो त्याच्यासाठी. धुरामुळे दमा उसळतो आणि कॅम्पवर शेकोटीचा धूर हमखास असतो. निघण्याआधी जवळचे सरकारी रुग्णालय शोधून त्याचा मार्ग फोनमध्ये ऑफलाइन साठवावा. मुळशीच्या बाजूला पौडचे, वेल्ह्याच्या बाजूला वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय आहे, आणि भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर आपत्तीत ११२ हे क्रमांक घरातल्या मोठ्या मुलांनाही पाठ असावेत. गाडीत इंधन शहरातच भरावे आणि जादा चाकातली हवा तपासावी.

पोहोचल्यावर, उजेड असतानाच

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगरामागे तो त्याआधीच जातो. म्हणून चारच्या आत पोहोचण्याच्या बेताने निघावे. पोहोचल्यावर मुले पाण्याकडे धावतील. त्यांच्याबरोबर एका मोठ्याने जावे आणि दुसऱ्याने केबिन तपासावी. दिवे, पंखा, नळ, दाराची कडी आतून लागते का, खिडकीची जाळी फाटलेली आहे का, दाराखालच्या फटीतून बोट जाते का. फट मोठी असेल तर जुन्या टॉवेलची गुंडाळी तिथे दाबून ठेवावी. पलंग भिंतीपासून थोडा ओढून घ्यावा, गादी उचलून पाहावी. नंतर सगळ्या कुटुंबाने मिळून केबिनपासून स्वच्छतागृहापर्यंत आणि केबिनपासून गाडीपर्यंत एकदा चालून यावे. रात्री हाच रस्ता लागतो आणि त्यातला दगड, तंबूची ताणलेली दोरी किंवा निसटती पायरी उजेडात पाहिलेली असली म्हणजे अंधारात पाय अडखळत नाही. गाडी तोंड बाहेरच्या दिशेने करून लावावी आणि पुढे दुसरी गाडी लावून वाट अडवली जाणार नाही याची खात्री करावी.

धरणाच्या पाण्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. हा काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतरत जाईल असे गृहीत धरता येत नाही. पाण्याखाली जुनी शेते, बांध आणि झाडांचे बुंधे असतात, गाळात पाय रुततो, आणि गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला पुरुषभर खोली लागू शकते. पोहता येते हे कारण पुरेसे नाही. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये, आणि बोटीत बसायचे असेल तर प्रत्येकाच्या अंगावर बंद केलेले लाइफ जॅकेट हवे. वाहत्या पाण्याचा धोका तर याहून मोठा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात हडपसरमधल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याचा लोंढा वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने येतो, आपल्या डोक्यावर पाऊस असो वा नसो.

शेकोटी आणि नंतरची रात्र

शेकोटीपाशी मुलांना पॉलिस्टरच्या जॅकेटऐवजी सुती किंवा लोकरीचे कपडे घालावेत, कारण ठिणगी पडल्यावर कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. ओल्या लाकडावर पेट्रोल किंवा रॉकेल ओतण्याचा उत्साह कोणी दाखवला तर आपण मुलांसह मागे सरावे. भाजलेच, तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांपैकी काही लावू नये. फेब्रुवारीनंतर आजूबाजूचे गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा लागतो, म्हणून झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतलेले स्वतः पाहावे.

साप-विंचवांची भीती अनेकांना घराबाहेर पडू देत नाही, तर काहींना ती मुळीच वाटत नाही. दोन्ही टोके टाळावीत. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर अन्नामागे येतात, त्यामुळे खाऊचे डबे घट्ट बंद करणे हा अर्धा बंदोबस्त झाला. जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटू लागणे, बोलताना जीभ अडखळणे अशी लक्षणे दिसली तर ‘रात्रीचे जेवण बाधले’ असे म्हणत वेळ घालवू नये, सरळ रुग्णालय गाठावे. सर्पदंशात दंश झालेला हात किंवा पाय लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, माणसाला चालवू नये. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे आणि साप पकडण्यात वेळ घालवणे या सर्व गोष्टी हानिकारक आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाहीत.

विंचवासाठी नियम एकच: सकाळी बूट घालण्याआधी झटकावेत, आणि टॉवेलही. लाल विंचू चावल्यावर लहान मुलाला दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर ती हृदयावर परिणाम होत असल्याची खूण असू शकते. यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग कोकणातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला. हे औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते. आपले काम रुग्णालयात लवकर पोहोचण्याचे.

झोपताना स्वच्छतागृहाबाहेरचा दिवा चालू ठेवावा, गाडीची किल्ली, टॉर्च आणि चपला ठरलेल्या एकाच जागी ठेवाव्यात आणि ती जागा सर्वांना सांगावी. मुलांना रात्री एकटे बाहेर न जाता कोणाला तरी उठवायचे, हे झोपण्याआधीच सांगून ठेवावे. नव्या जागेत पहिल्या रात्री गाढ झोप लागत नाही. बेडकांचे आवाज, वाऱ्याने वाजणारा पत्रा, लांबून येणारे कुत्र्यांचे भुंकणे यांची सवय नसते. दुसऱ्या दिवशी तिकोना किंवा लोहगड चढण्याचा बेत आखला असेल तर तो या कारणाने थोडा हलका ठेवावा.

निघताना

सकाळी पोहे-चहा झाल्यावर माकडे येण्याआधी उघडे खाद्यपदार्थ आवरावेत. खोली सोडण्याची वेळ बहुधा दहा-अकराची असते. बाहेर पडण्याआधी केबिनचे आणि सामानाचे एक छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे अनामत रक्कम परत घेताना तुटफुटीचा वाद होत नाही. कचऱ्याची पिशवी तिथल्या टोपलीत टाकण्यापूर्वी ती पुढे कुठे जाते हे विचारावे. गावात कचरा उचलण्याची सोय नसेल तर पिशवी गाडीतून पुण्याला आणावी. रविवारी संध्याकाळी चांदणी चौक आणि लोणावळा-कामशेतचा रस्ता दोन्हीकडे वाहनांची रांग लागते, त्यामुळे दुपारी एकच्या आत परतीला लागावे आणि जेवण वाटेत पौडला किंवा घरी पोहोचून करावे.